मेंडोझा लाइन: बेसबॉलमधली ही रेघ ओळखायची कशी, वापरायची कशी

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाची बेसबॉलशी पहिली गाठ बहुतेकदा मैदानात पडत नाही, ऑफिसातल्या गप्पांत पडते. कुणीतरी एखाद्या खेळाडूबद्दल म्हणतं, "ही इज बिलो द मेंडोझा लाइन," बाकीचे हसतात, आणि आपणही न कळता हसतो. तर मेंडोझा लाइन म्हणजे .२०० ही फलंदाजीची सरासरी. तिच्या खाली गेलेला फलंदाज मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग, अमेरिकेतली सर्वोच्च पातळी) टिकण्याइतकं मारत नाही, असं मानायची पद्धत आहे. एवढं कळलं तरी गप्पांत वेळ निभावते. पण हा शब्द नीट, योग्य जागी वापरायचा असेल तर थोडं आत शिरावं लागतं, कारण आज त्या रेघेखाली असलेला प्रत्येक जण वाईट फलंदाज असतोच असं नाही.

पायरी १: आधी क्रिकेटची सरासरी बाजूला ठेवा

आपली पहिली अडचण इथेच. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे धावा भागिले बाद. बेसबॉलमध्ये धावांचा या आकड्याशी काही संबंध नाही. इथे मोजतात ते एवढंच: फलंदाजाला मिळालेल्या ॲट-बॅटपैकी किती वेळा त्याने हिट मारली. हिट म्हणजे चेंडू मारून, क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय, सुखरूप बेसवर, म्हणजे मैदानातल्या चार टप्प्यांपैकी एकावर, पोचणं. शंभर ॲट-बॅटमध्ये वीस हिट असतील तर सरासरी .२००. होमरन मारा (एकाच फटक्यात चारही बेस) नाहीतर पहिल्या बेसपुरता साधा फटका मारा, सरासरीत दोन्हीची किंमत एकच.

आता ॲट-बॅट कशाला म्हणायचं? फलंदाज प्लेटवर, म्हणजे फलंदाजीच्या जागी, उभा राहिला की ती झाली प्लेट अपिअरन्स. पण प्रत्येक प्लेट अपिअरन्स ॲट-बॅट नसते. चार बॉल (पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, मारण्याच्या टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) मिळून फलंदाज चालत पहिल्या बेसवर गेला, म्हणजे वॉक मिळाला, तर ॲट-बॅट धरत नाहीत. चेंडू अंगाला लागून बेस मिळाला तरी नाही. स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढच्या बेसवर सरकवणारा सॅक्रिफाइस बंट, किंवा उंच झेल देऊन तिसऱ्या बेसवरच्या गड्याला घरी आणून धाव मिळवणारा सॅक्रिफाइस फ्लाय, हेही वगळतात. म्हणजे एखादा खेळाडू पाच वेळा प्लेटवर आला, एकदा हिट मारली, एकदा वॉक घेतला, एकदा सॅक्रिफाइस फ्लाय दिला आणि दोनदा नुसताच बाद झाला, तर त्याच्या नावावर तीन ॲट-बॅट, एक हिट. त्या दिवसाची सरासरी .३३३.

उलट गंमत अशी की क्षेत्ररक्षकाने चेंडू सोडला म्हणून फलंदाज बेसवर पोचला, तर ती हिट नाही, ॲट-बॅट मात्र आहे. गडी बेसवर उभा आणि सरासरी खाली! ती हिट होती की एरर, हे मैदानावरचे पंच ठरवत नाहीत. प्रेस बॉक्समध्ये बसलेला अधिकृत स्कोअरर ठरवतो, आणि त्याच्या निर्णयावरून दुसऱ्या दिवशी वाद होतात.

या सगळ्यात लक्षात ठेवायचं ते एवढंच की .३०० म्हणजे उत्तम फलंदाज. दहातल्या सात वेळा अपयशी होऊनही उत्तम. हे पचायला आपल्याला जरा वेळ लागतो.

पायरी २: आकडा बोलायचा कसा

टीव्हीवर फलंदाजाच्या नावाखाली दशांश चिन्हानंतर तीन आकडे दिसतात. दशांश उच्चारायचा नाही. .३०० म्हणजे "थ्री हंड्रेड", .१९८ म्हणजे "वन नाइन्टी-एट". "पॉइंट टू" म्हटलंत की तुम्ही नवे आहात हे लगेच कळतं. .१९० ला बोलीत "अ बक नाइन्टी" म्हणतात, जसं एक डॉलर नव्वद सेंट्सना म्हणावं तसं.

मेंडोझा हे नाव स्पॅनिश. अमेरिकन समालोचक "मेन्डोझा" म्हणतात, मेक्सिकन माणूस "मेन्दोसा" म्हणेल. ऐकताना दोन्ही ओळखू यायला हवेत.

पायरी ३: हा मेंडोझा कोण, ते जाणून घ्या

ही पायरी गाळली तर शब्द अर्धाच कळतो.

मारिओ मेंडोझा १९५० साली मेक्सिकोतल्या चिवावा इथे जन्मला. १९७४ ते १९८२ अशी नऊ वर्षं तो मेजर लीगमध्ये खेळला. आधी पिट्सबर्ग पायरेट्स, मग सिॲटल मॅरिनर्स, शेवटी टेक्सस रेंजर्स. १९७८च्या अखेरीस पायरेट्सनी त्याला सिॲटलला देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी पायरेट्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकले. नशीब म्हणतात ते हे.

जागा त्याची शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. उजव्या हाताचे फलंदाज जमिनीलगत मारतात ते चेंडू इथेच सर्वाधिक येतात. धावत जाऊन चेंडू उचलायचा, तोल सावरायचा आणि लांब पहिल्या बेसवर फेकायचा, हे सगळं धावणारा फलंदाज तिथे पोचायच्या आत. मेंडोझा हे काम इतक्या सफाईने करायचा की मेक्सिकोत त्याला "मानोस दे सेदा" म्हणत, रेशमी हातांचा. त्या हातांच्या जोरावर तो नऊ वर्षं टिकला, कारण बॅटच्या जोरावर टिकणं शक्यच नव्हतं. नऊपैकी पाच हंगामांत त्याची सरासरी .२०० च्या खाली राहिली.

१९७९ चं सिॲटलमधलं वर्ष प्रसिद्ध आहे. १४८ सामने, ३७३ ॲट-बॅट, ७४ हिट, सरासरी .१९८. त्या वर्षी अमेरिकन लीगची (मेजर लीगच्या दोन भागांपैकी सिॲटलचा भाग) एकूण सरासरी .२७० च्या घरात होती, यावरून अंतर कळेल. सामन्यामागे ॲट-बॅट जेमतेम अडीच आहेत, हेही पाहा. रोज खेळणाऱ्या फलंदाजाला साधारण चार मिळतात. अशा खेळाडूला फलंदाजीच्या क्रमात तळाला ठेवायची आणि सामना अटीतटीचा झाला की त्याच्या जागी पिंच-हिटर, म्हणजे बदली फलंदाज, पाठवायची रीतच होती.

त्या काळी अमेरिकन वर्तमानपत्रं रविवारी सगळ्या फलंदाजांची सरासरी उतरत्या क्रमाने छापत. वर तारे, खाली गाळ. संघातले सहकारी टॉम पाचोरेक आणि ब्रूस बॉक्टी तळाच्या त्या भागाला थट्टेने मेंडोझाचं नाव लावायचे. दोघांपैकी पहिल्यांदा कोण बोललं यावर एकमत नाही. १९८० च्या सुरुवातीला कॅन्सस सिटी रॉयल्सचा जॉर्ज ब्रेट चाचपडत होता. सांभाळ, नाहीतर मेंडोझा लाइनच्या खाली जाशील, असं त्याला सिॲटलवाल्यांनी डिवचलं. ब्रेटला शब्द आवडला, तो त्याने इतरांना ऐकवला. त्याच्याकडून तो नुकत्याच सुरू झालेल्या ईएसपीएन या वाहिनीच्या क्रिस बर्मनकडे गेला, आणि बर्मनने तो घरोघरी पोचवला. ब्रेटने मात्र तो हंगाम .३९० वर संपवला. १९४१ साली टेड विल्यम्सने .४०६ केल्यानंतर तोवर एवढी सरासरी कुणाची झाली नव्हती.

इथे एक बारकावा आहे. मेंडोझाची संपूर्ण कारकिर्दीची सरासरी .२१५. त्यामुळे खरी रेघ .२१५ वर हवी असं म्हणणारे काही हट्टी लोक भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण तुम्ही .२००च धरा. समालोचक, वर्तमानपत्रं आणि प्रेक्षक तेच धरतात. आणखी एक: १९८० मध्ये, म्हणजे त्याच्या नावाची रेघ गाजायला लागली त्याच वर्षी, मेंडोझाने .२४५ ची सरासरी राखली. कारकिर्दीतली सर्वोत्तम.

म्हणून या शब्दात निव्वळ टिंगल आहे असं मला वाटत नाही. रेघ असं सांगते की इतकं कमी मारूनही माणूस संघात राहू शकतो, त्याचा हातमोजा, म्हणजे क्षेत्ररक्षण, तेवढं चांगलं असेल तर. जुन्या काळी क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाकडून धावांची अपेक्षा नसायची, तसाच हा हिशोब. शॉर्टस्टॉपच्या बाबतीत तो बदलला तोही योगायोगाने १९८२ मध्येच. मेंडोझाचं ते मेजर लीगमधलं शेवटचं वर्ष. त्याच हंगामात बाल्टिमोरने धिप्पाड कॅल रिप्केनला शॉर्टस्टॉपवर आणलं, आणि १९८३ मध्ये रिप्केन .३१८ सरासरी आणि २७ होमरनसह अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हापासून शॉर्टस्टॉपनेही मारलं पाहिजे, ही अपेक्षा रुजत गेली.

मेंडोझा नंतर मेक्सिकोत खेळला, प्रशिक्षक झाला, आणि २००० साली मेक्सिकोच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. अमेरिकेत ज्याचं नाव तळाशी लागलं, त्याचा त्याच्या देशात असा मान आहे, हे मेक्सिकन सहकाऱ्यासमोर शब्द वापरताना ध्यानात असू द्या.

पायरी ४: शब्द उच्चारण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा

पहिली, किती ॲट-बॅट झाल्या? हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एखाद्याच्या ३५ ॲट-बॅटमध्ये ६ हिट असतील तर सरासरी .१७१. दुसऱ्या दिवशी त्याने चारपैकी तीन मारल्या की ३९ मध्ये ९, म्हणजे .२३१. एका संध्याकाळीत रेघेच्या खालून वर. एप्रिलमध्ये समालोचक हा शब्द हसतखेळत वापरतात, जूननंतर वापरला तर गंभीरपणे घ्या. संपूर्ण हंगामाचं बोलायचं तर फलंदाज सरासरीच्या क्रमवारीत पात्र ठरायला संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ प्लेट अपिअरन्स लागतात, म्हणजे १६२ सामन्यांत ५०२. आणि फरक तरी किती बारीक असतो? ५०० ॲट-बॅटमध्ये .२०० म्हणजे १०० हिट आणि .२५० म्हणजे १२५. सहा महिन्यांत पंचवीस हिट. आठवड्याला जेमतेम एक.

दुसरी, तो कुठल्या काळात खेळतोय? १९६८ मध्ये पिचर इतके वरचढ झाले की साऱ्या मेजर लीगची सरासरी .२३७ वर आली, आणि पुढच्या वर्षी पिचर उभा राहतो तो उंचवटा कमी करावा लागला. २००० मध्ये ती .२७० होती. २०२२ मध्ये पुन्हा .२४३. त्यानंतर नियम बदलून क्षेत्ररक्षकांना एकाच बाजूला गर्दी करायला मनाई केली, तेव्हा २०२३ मध्ये ती .२४८ झाली. मेंडोझाच्या वेळी रेघ लीगच्या सरासरीपासून सत्तर अंश (म्हणजे .०७०) खाली होती, आता ती पन्नासच्या आसपास आहे. रेघ तिथेच, पाणी उतरलंय.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नवशिके इथेच फसतात. फक्त सरासरी पाहू नका, शेजारचे दोन आकडेही पाहा. खेळाडूची माहिती बहुधा तीन आकड्यांत तिरक्या रेघा देऊन लिहितात: सरासरी, ऑन-बेस, स्लगिंग. ऑन-बेस म्हणजे हिट, वॉक आणि अंगाला लागलेले चेंडू धरून तो किती वेळा बेसवर पोचला. स्लगिंग म्हणजे ॲट-बॅटमागे किती बेस कमावले. इथे होमरनला चार बेसची किंमत मिळते.

काइल श्वार्बरचा २०२३ चा फिलाडेल्फियातला हंगाम घ्या: .१९७/.३४३/.४७४. सरासरी मेंडोझा लाइनच्या खाली. पण ४७ होमरन आणि १२६ वॉक. त्या वर्षी लीगचा ऑन-बेस .३२० होता, याचा .३४३. म्हणजे हिट कमी मारणारा हा गडी सरासरी फलंदाजापेक्षा जास्त वेळा बेसवर होता. संघाने त्याला बाकावर बसवलं नाही, उलट बहुतेक सामन्यांत पहिल्या क्रमांकावर पाठवलं. "श्वार्बर बिलो मेंडोझा आहे, काढा त्याला," असं तुम्ही फिलाडेल्फियाच्या माणसासमोर म्हणालात तर तो तुम्हाला अर्धा तास समजावत बसेल, आणि बरोबरही असेल. त्याआधी २०२१ मध्ये जोई गॅलोने .१९९ वर ३८ होमरन मारले होते, २०१० मध्ये ॲरिझोनाच्या मार्क रेनॉल्ड्सने .१९८ वर ३२.

आता उलटं उदाहरण. बाल्टिमोरच्या क्रिस डेव्हिसने २०१६ च्या सुरुवातीला सात वर्षांचा १६ कोटी १० लाख डॉलर्सचा करार केला होता. २०१८ मध्ये त्याची सरासरी .१६८, ऑन-बेस .२४३. ना हिट, ना पुरेसे वॉक. त्या हंगामाच्या अखेरीपासून पुढच्या हंगामात सलग ५४ ॲट-बॅट त्याला हिट मिळाली नाही, पिचर सोडून इतर कुणाच्याही नावावर नसलेला विक्रम. एप्रिल २०१९ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये ती साखळी तुटली. मेंडोझा लाइन हा शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो तो इथे.

रेघेवर बरोब्बर उभा राहिलेला एक मासलाही आहे, बॉब युकर. साठच्या दशकातला राखीव कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक), ७३१ ॲट-बॅट, १४६ हिट. भागाकार केलात तर .१९९७ येतो, तीन आकड्यांपर्यंत जवळचा आकडा धरला की .२००. पुढे मिलवॉकी ब्रूअर्सचा समालोचक म्हणून त्याने काही दशकं लोकांना हसवलं, बरेचदा स्वतःच्याच फलंदाजीवर.

पायरी ५: वाक्यात बसवायला शिका

"बिलो द मेंडोझा लाइन" हा सर्वात सुरक्षित प्रयोग. सरासरी .२०० च्या खाली, बस. "फ्लर्टिंग विथ द मेंडोझा लाइन" म्हणजे .२०५, .१९८, .२०२ असा वरखाली करणारा. "ही फायनली क्लाइम्ब्ड अबव्ह द मेंडोझा लाइन" हे कौतुकाने, वाईट सुरुवात मागे टाकणाऱ्यासाठी. मराठीत बोलताना आपण सरळ म्हणतो, "अजून मेंडोझाच्या खालीच आहे रे तो." चालतं.

काही जागी हा शब्द लावू नका. पिचरच्या फलंदाजीला तर नाहीच. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा ठरलेला हिटर खेळतो, आणि त्याआधीही पिचरकडून .२०० ची अपेक्षा कुणी ठेवत नव्हतं. पिचरच्या गोलंदाजीच्या आकड्यांना आणि संघाच्या विजयाच्या टक्केवारीलाही नाही. शेजारच्या मुलाच्या लिटल लीगच्या सामन्यात तर तोंडातून काढू नका. त्याचे आईवडील मागच्याच बाकावर बसलेले असतात.

बेसबॉलबाहेर मात्र हा शब्द मोकाट सुटलाय. राजकारण्याची लोकप्रियता, टीव्ही मालिकेचा प्रेक्षकवर्ग, सेल्स टीमचे आकडे, कशालाही लागतो. तिथे .२०० चा संबंध उरत नाही, अर्थ एवढाच की किमान अपेक्षेची जी काही रेघ आहे तिच्या खाली. मात्र मोजता येणारा आकडा समोर असावा. "आजची मीटिंग मेंडोझा लाइनच्या खाली होती" हे ओढूनताणून वाटतं, "ईमेलला उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण मेंडोझा लाइनच्या खाली गेलंय" हे बसतं.

आणि हे शेजारी शब्द ओळखून ठेवा

"ऑन द इंटरस्टेट" म्हणजेही .२०० च्या खालीच. अमेरिकेतल्या महामार्गांना आय-९५, आय-८० असे क्रमांक असतात, आणि .१९५ मधला एकचा इंग्रजी आकडा लांबून इंग्रजी आय अक्षरासारखा दिसतो. हा शब्द मला मेंडोझा लाइनपेक्षाही खट्याळ वाटतो, आणि त्यात कुणाचं नावही खराब होत नाही. "ओ-फर" म्हणजे सामन्यात एकही हिट नाही, चारपैकी शून्य, पाचपैकी शून्य. "गोल्डन सोम्ब्रेरो" म्हणजे एकाच सामन्यात चार वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). हे दोन्ही एका दिवसाचे शब्द आहेत, मेंडोझा लाइन आठवड्यांची आणि महिन्यांची. चांगला फलंदाजही ओ-फर जातो, दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

भारतात बसून ऐकायचं असेल तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेसातला. नोकरीवाल्यांना दुसरा जास्त सोयीचा. मे महिन्यातला कुठलाही सामना लावा, आठव्या-नवव्या क्रमांकाचे फलंदाज प्लेटवर आले की नावाखालचा आकडा बघा. तो १ या आकड्याने सुरू होत असेल तर समालोचकाकडे कान द्या.